सूट चाळीस टक्के, पण कशावर?

क्रिकेटची बॅट घ्यायला गेलेल्या माणसासमोर दुकानात दोन आकडे येतात. एक बॅटच्या पिशवीवर छापलेला, दुसरा दुकानदाराच्या तोंडचा. छापलेला आकडा वाचून गिऱ्हाईक दचकते. मग 'तो आकडा सोडा, तुम्हाला चाळीस टक्के कमी करून देतो' हे वाक्य येते आणि दचकलेले गिऱ्हाईक सुखावते. मुंबईत धोबी तलावाच्या आसपासच्या जुन्या दुकानांपासून ते तालुक्याच्या गावात ट्रॉफ्या आणि वह्या-पेनांसोबत बॅट-बॉल विकणाऱ्या दुकानापर्यंत हा व्यवहार साधारण असाच चालतो. रॅकेट, पॅड, ग्लोव्हज, फुटबॉलचे स्टड, कॅरमबोर्ड, सगळ्यांची तीच तऱ्हा. खेळाचे साहित्य महाग झाले आहे आणि दुकानदार भरमसाट नफा घेतात, अशी पालकांची जुनी तक्रार आहे. तिच्यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा बहुतांशी खरा नाही. दुकानदाराच्या पदरात पडणारा नफा पाहिला तर तो अवाजवी म्हणण्याजोगा नसतो. खोट आहे ती छापील किमतीत. ती खरी नाही हे विकणाऱ्याला ठाऊक असते, नेहमीच्या खेळाडूंना ठाऊक असते आणि ज्यांना ते ठाऊक नसते त्यांच्या खिशातून बाकीच्यांच्या सवलतीची भरपाई होते.

कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली एमआरपी, ही मुळात ग्राहकाच्या रक्षणासाठी केलेली तरतूद. सर्व करांसह किंमत छापण्याची सक्ती १९९० च्या सुमारास आली. त्याआधी 'स्थानिक कर वेगळे' एवढे लिहिले की दुकानदाराला मोकळे रान मिळत असे. आज २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आणि त्याखालचे आवेष्टित वस्तूंविषयीचे २०११ चे नियम लागू आहेत. छापील किमतीहून जास्त पैसे घेणे हा नियमभंग आहे. एकाच वस्तूवर ठिकाण बघून दोन वेगळ्या कमाल किमती छापण्याची चलाखीही २०१८ पासून नियमाने बंद झाली. मात्र कमाल किंमत किती असावी, याविषयी कायदा काहीच म्हणत नाही. उत्पादकाने शंभराच्या वस्तूवर तीनशे छापले आणि दुकानदाराने ती दीडशेला विकली, तर नियम कुठेच मोडलेला नसतो. बिस्किटाच्या पुड्याच्या बाबतीत असे होत नाही, कारण पुडा दर आठवड्याला घेतला जातो, शेजारच्या कंपनीच्या पुड्याचा भाव तोंडपाठ असतो आणि एक रुपया वाढला तरी घरात चर्चा होते. बॅट माणूस दोन-तीन वर्षांतून एकदा घेतो, मुलासाठी असेल तर दरवेळी वेगळ्या मापाची घेतो आणि मागच्या वेळचा भाव आठवला तरी तो या वेळी उपयोगी पडत नाही.

मग छापील किंमत वाढते ती कुणासाठी? उत्तर थोडे विचित्र आहे: दुकानदारासाठी. भारतातला क्रिकेटचा बहुतेक माल मेरठ आणि जालंधर इथून येतो. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी तिथे हा उद्योग नव्याने उभा केला. मोठ्या नावांबरोबर तिथे लहान-मोठे असंख्य कारखाने आहेत आणि त्या सर्वांना महाराष्ट्रातल्या दुकानाच्या भिंतीवर जागा हवी असते. समजा, दोन कारखान्यांनी सारख्याच प्रतीची बॅट सारख्याच घाऊक भावाने दुकानदाराला दिली. एकाने तिच्यावर ३,००० छापले, दुसऱ्याने ४,०००. दुकानदाराला दोन्ही २,००० ला विकायच्या आहेत. पहिलीवर त्याला तेहतीस टक्के सूट सांगता येईल, दुसरीवर पन्नास. तो कोणती बॅट गिऱ्हाइकाच्या हातात आधी देईल, हे सांगायला नको. प्रामाणिक किंमत छापणारा कारखानदार या खेळात दुकानाच्या मागच्या कपाटात जातो. पुढच्या हंगामात तोही आकडा वाढवतो. अशा रीतीने वर्षानुवर्षे छापील किंमत चढत गेली आणि तिचा प्रत्यक्ष व्यवहाराशी संबंध तुटला. यात कुणा एकाचा कट नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाने वागूनच हे झाले आहे आणि म्हणूनच ते आपोआप सुधारणारही नाही.

याची झळ कुणाला बसते ते बघण्यासारखे आहे. मैदानावर रोज जाणाऱ्या खेळाडूला खरा भाव माहीत असतो. त्याच्या क्लबमधले दहा जण त्याच दुकानातून घेतात, दुकानदार त्याला नावाने ओळखतो आणि पहिल्याच वाक्यात शेवटचा भाव सांगून मोकळा होतो. ज्याच्या घरात याआधी कुणी बॅट धरलेली नाही, ज्याचे वडील रिक्षा चालवतात किंवा आई अंगणवाडीत काम करते, अशा मुलाला शाळेच्या शिक्षकांनी 'याला सीझन बॉलवर खेळवा' असे सांगितले की ते घर पहिल्यांदा या दुकानाची पायरी चढते. छापील ४,००० ची बॅट ३,२०० ला मिळाली की त्यांना आठशे वाचल्याचे समाधान वाटते. शेजारी उभा असलेला क्लबचा मुलगा तीच बॅट २,००० ला घेऊन गेलेला असतो. महाराष्ट्रात खेळाडू आता शिवाजी पार्क आणि डेक्कनपुरते राहिलेले नाहीत, लहान गावांतून येत आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या लहान गावांतून येणाऱ्यांकडूनच खेळात प्रवेश करताना जास्तीचे पैसे वसूल होतात. ज्याच्याकडे पैसा आणि माहिती दोन्ही कमी, त्याने जास्त भाव द्यायचा, ही या पद्धतीची सर्वात वाईट बाजू आहे. दुकानदाराने यात खोटे बोललेले नसते, हेही लक्षात घ्यावे. त्याने छापील आकड्यावरून खरोखरच आठशे रुपये सोडलेले असतात.

छापील किमतीचा हा खोटेपणा किती लांबवर पोहोचतो, हे २०२५ च्या करकपातीने दाखवून दिले. जीएसटी लागू झाला तेव्हा खेळाचे बहुतेक साहित्य १२ टक्क्यांच्या टप्प्यात होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते ५ टक्क्यांवर आले. कॅरमबोर्ड आणि बुद्धिबळाचे पटही ५ टक्क्यांत आले. २,५०० रुपयांपर्यंतचे बूट ५ टक्क्यांत बसले, त्यावरचे १८ टक्क्यांतच राहिले, आणि व्यायामशाळेतली यंत्रेही १८ वरच थांबली. आता एका बॅटीचा हिशेब करू. जुन्या करासह तिची छापील किंमत ३,३६० होती, म्हणजे मूळ ३,००० आणि त्यावर १२ टक्के. चाळीस टक्के सूट देऊन ती २,०१६ ला विकली जात होती. नव्या करासह तिच्यावर ३,१५० छापायला हवेत, आणि तेवढीच चाळीस टक्के सूट मिळाली तर गिऱ्हाइकाला ती १,८९० ला पडेल. पण दुकानदाराने नव्या छापील किमतीवर चाळीसऐवजी छत्तीस टक्के सूट सांगितली, तर बॅट पुन्हा बरोबर २,०१६ ला जाते. गिऱ्हाइकाला कमी झालेली एमआरपी दिसते, वर छत्तीस टक्के सूटही दिसते, आणि सरकारने सोडलेल्या करातला एक पैसाही त्याच्या खिशात येत नाही. हे करणाऱ्याला पकडायचे कसे? करकपातीचा फायदा ग्राहकाला द्यावा, असे सांगणारे कलम १७१ जीएसटी कायद्यात आहे, पण त्याखालच्या नव्या तक्रारी घेणे १ एप्रिल २०२५ पासून थांबवण्यात आले होते. म्हणजे करकपात आली तेव्हा ते दार आधीच बंद झालेले होते. दुकानात पडून असलेल्या मालावर सुधारित किंमत चिकटवण्याची मुभा सरकारने दिली, सक्ती केली नाही. सगळ्याच दुकानदारांनी फायदा गिळला असे मी म्हणत नाही. गिळला की दिला, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्गच नाही, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते.

आता दुकानदाराच्या नफ्याकडे येऊ, कारण याविषयी गैरसमज फार आहेत. पहिला गैरसमज गणिताचा. शंभराला घेतलेली वस्तू दीडशेला विकली की लोक म्हणतात, पन्नास टक्के नफा. खरेदीवर तो पन्नास टक्के आहे, विक्रीवर तेहतीस, आणि दोन्हींतून अजून दुकानाचा खर्च वजा व्हायचा आहे. तालुक्याच्या गावातले एक मध्यम दुकान कल्पून पाहा. दहा लाखांचा माल भरलेला आहे आणि तो वर्षातून दोनदा फिरतो, म्हणजे खरेदीच्या भावाने वीस लाखांची विक्री. गाळ्याचे भाडे महिना पंधरा हजार, दोन पोरांचे पगार बारा-बारा हजार, वीज-वाहतूक-किरकोळ मिळून वर्षाला पन्नास हजार, गुंतलेल्या दहा लाखांवर अकरा टक्क्यांनी व्याज आणि न विकल्या गेलेल्या मालापोटी पन्नास हजार. एकूण खर्च ६ लाख ७८ हजार. खरेदीवर पस्तीस टक्के चढवून विकले तर हाती येतात सात लाख, आणि मालकाला वर्षभरात बावीस हजार उरतात. पन्नास टक्के चढवले तर उरतात ३ लाख २२ हजार, म्हणजे महिन्याला सत्तावीस हजारांच्या आत. किराणा दुकानदाराला दहा-बारा टक्क्यांत भागते, कारण त्याचा माल वर्षभरात कितीतरी वेळा फिरतो. खेळाच्या दुकानात चार नंबरची, पाच नंबरची, सहा नंबरची, हॅरो आणि मोठ्यांची अशी बॅटची मापे, बुटांचे नंबर, डावखुऱ्यांचे ग्लोव्हज, सगळे ठेवावे लागते आणि गिऱ्हाईक यातले एकच घेऊन जाते. आठ नंबरचे बूट संपतात, अकरा नंबरचे तीन जोड दोन वर्षे धूळ खातात. त्यातच हंगाम. दिवाळीनंतर आणि उन्हाळी शिबिरांच्या काळात गर्दी, पावसाळ्यात शुकशुकाट. कांगा लीग भर पावसात रंगते खरी, पण तिच्यावर मुंबईबाहेरचे दुकान चालत नाही. तेव्हा पन्नास टक्के चढवणारा दुकानदार लुटारू नसतो, बहुधा तो घर चालवत असतो.

काही महागाईत तर त्याचा हातच नसतो. बॅडमिंटनच्या पिसांच्या शटलचे भाव गेल्या काही वर्षांत असे चढले की क्लबांना वर्गणी वाढवावी लागली. एका शटलला सोळा पिसे लागतात, तीही बदकाच्या किंवा हंसाच्या पंखातली आणि एकाच बाजूला वळलेली. हा पुरवठा मुख्यतः चीनवर अवलंबून आहे आणि तिथे बदक-हंसांचे पालन घटले की इथल्या हॉलमध्ये डब्याची किंमत वाढते. इंग्लिश विलोचे तेच. ते लाकूड इंग्लंडमधून येते, झाड तोडण्याजोगे व्हायला पंधरा वर्षांच्या आसपास लागतात आणि मागणी दरवर्षी वाढते आहे. मेरठचा कारखानदार आयात केलेल्या ओंडक्याच्या भावापुढे हतबल, वितरक कारखानदारापुढे आणि दुकानदार वितरकापुढे. शेवटी गिऱ्हाइकाचे तोंड दिसते ते एकट्या दुकानदाराला, म्हणून शिव्याही त्यालाच.

मग सरकारनेच नफ्यावर मर्यादा घालावी, असा एक उपाय सुचवला जातो. त्याला आधारही दाखवता येतो. हृदयाच्या स्टेंटची किंमत सरकारने २०१७ मध्ये बांधली, २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवर व्यापारी नफ्याची तीस टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आणि रुग्णांना त्याचा फायदा झाला. पण स्टेंट घेणाऱ्याला पर्याय नसतो, वेळ नसतो आणि निवडही तो स्वतः करत नाही. बॅटच्या बाबतीत तिन्ही गोष्टी असतात. वर मांडलेल्या हिशेबात तीस टक्क्यांची मर्यादा घातली तर ते दुकान पहिल्याच वर्षी तोट्यात जाईल, आणि सर्वात आधी बंद पडतील ती तालुक्यातली दुकाने, जिथे दुसरा पर्याय नाही. ग्राहक चळवळीतून कधीकधी येणारी दुसरी मागणी, वस्तूवर उत्पादनखर्च छापा, ऐकायला आकर्षक आहे, पण तीही उपयोगाची नाही. बॅटचा उत्पादनखर्च म्हणजे लाकूड आणि मजुरी एवढेच धरायचे, की शंभर ओंडक्यांतले तडकलेले वीसही धरायचे? जो आकडा तपासता येत नाही तो छापल्याने एका खोट्या आकड्याशेजारी दुसरा येऊन बसेल.

यापेक्षा मोठी गरज आहे ती वस्तूची प्रत वाचता येण्याची. काश्मिरी विलोची बॅट अनंतनाग जिल्ह्यातल्या संगम-बिजबेहाऱ्याच्या पट्ट्यातून येते, स्वस्त असते आणि सुरुवातीच्या खेळाडूला पुरेशी असते, हे निदान सांगता तरी येते. इंग्लिश विलोत शिरलो की धुके सुरू होते. ग्रेड वन, ग्रेड टू, प्लेयर्स एडिशन हे शब्द प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने वापरतो. सर्वांना बांधणारे मोजमाप नाही. एकाची दुसऱ्या क्रमांकाची बॅट दुसऱ्याच्या पहिल्या क्रमांकाहून सरस असू शकते, आणि बॅटच्या मागचे स्टिकर तर कुणाच्याही नावाचे असू शकते. प्रत कळत नसेल तर भाव रास्त की अवाजवी हे ठरवणार कशावरून? याच दुकानात, याच फळीवर, याच्या उलट उदाहरण ठेवलेले असते. क्रिकेटच्या हेल्मेटसाठी बीएस ७९२८:२०१३ हे ब्रिटिश मानक आहे आणि ते पाळणाऱ्या हेल्मेटवर तसे लिहिलेले असते. पालकाला तो एक आकडा शोधायला शिकवला की दोन हेल्मेटच्या किमतींची तुलना त्याला स्वतः करता येते, आणि सूट जास्त म्हणून बिनमानकाचे हेल्मेट घेण्याचा मोहही टळतो. बॅटच्या उत्पादकांनी एकत्र बसून प्रतवारीचे असे किमान चार निकष ठरवले तर अर्धी घासाघीस आपोआप संपेल. ते स्वतःहून ठरवतील, अशी मात्र मला आशा नाही. धुक्याचा फायदा त्यांनाच आहे.

दुकानदाराने प्रत्येक वस्तूवर सर्वांसाठी एकच भाव लावावा, असे सुचवले की घासाघीस ही आपली रीतच आहे, ती काढली तर गिऱ्हाईक दुकानात येणार नाही, असा दुकानदारांचा मुख्य आक्षेप असतो. 'तुम्ही एक भाव लावा म्हणता, पण गिऱ्हाइकाला कमी करून घेतल्याशिवाय चैनच पडत नाही.' भाजी मंडईपुरते ते खरेही असेल. पण याच गिऱ्हाइकांनी पिढ्यान्‌पिढ्या बाटाच्या दुकानात जाऊन, नव्याण्णववर संपणारी किंमत निमूटपणे देऊन चपला घेतल्या. खेळाच्याच व्यापारात डेकॅथलॉन ही फ्रेंच कंपनी २००९ मध्ये भारतात आली. तिथे चिठ्ठीवर असेल तो भाव, कलेक्टरला तोच आणि शिपायालाही तोच, आणि शनिवार-रविवारी पैसे देण्याच्या रांगा लागतात. यावर उत्तर येते की डेकॅथलॉन स्वतःच्याच ब्रँडचा माल विकते, मधली माणसे नाहीत, म्हणून तिला परवडते. कमी भाव त्यामुळे परवडतो, हे मान्य. पण एकच भाव लावायला स्वतःचा कारखाना लागत नाही. ज्या बॅटचा शेवटचा भाव २,००० आहे हे दुकानदाराला सकाळी शटर उघडतानाच माहीत असते, तिच्यावर '२,०००' अशी चिठ्ठी लावायला एक पेन पुरते. कंपनी तसे करू देत नाही, ही सबबही टिकत नाही. कमाल किमतीपेक्षा कमी भावाने विकायला कायद्याची आडकाठी नाही, आणि अमुक भावाखाली विकू नका अशी सक्ती उत्पादक करू लागला तर ती स्पर्धा कायद्याच्या कलम ३ च्या कचाट्यात येऊ शकते. विक्रेत्यांच्या सवलतींवर बंधने घातल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मारुती सुझुकीला दोनशे कोटींचा दंड ठोठावला होता.

ऑनलाइन विक्रीची दुकानदारांची तक्रार मात्र मला मनापासून पटते. गिऱ्हाईक येते, दहा बॅटी उचलून पाहते, कुठली हातात हलकी वाटते ते ठरवते, फोनमध्ये नाव टिपून घेते आणि घरी जाऊन मागवते. बॅट दाखवण्याचा खर्च दुकानाचा, विक्री दुसऱ्याची. तिथल्या सवलतीही त्याच फुगलेल्या एमआरपीवर मोजलेल्या असतात, पण निदान पडद्यावरचा अंतिम भाव आधी दिसतो आणि शेजारच्या विक्रेत्याशी ताडून पाहता येतो. याला तोंड द्यायचे तर दुकानाने आपले ज्ञान फुकट वाटणे थांबवले पाहिजे. मुलाच्या उंचीला कोणते माप, हँडल केवढे, नव्या बॅटला तेल किती आणि नॉकिंग, म्हणजे हातोडीने ठोकणे, किती दिवस, रॅकेटला ताण किती, हे सांगणारा माणूस पडद्यामागे बसलेला नसतो. या कामाचे पैसे आज वस्तूच्या किमतीत लपवलेले असतात, म्हणून वस्तू महाग दिसते आणि काम फुकटचे वाटते. रॅकेटच्या गटिंगचे तसे नसते. तारेचे इतके, मजुरीचे इतके असा दर अनेक दुकानांत भिंतीवर लावलेला असतो, त्यावर सहसा कुणी वाद घालत नाही आणि बाहेरून घेतलेली रॅकेटही तिथेच गटिंगला येते. नॉकिंग, ग्रिप, हँडलची दुरुस्ती, माप ठरवून देणे, यांचेही दर असेच लावावेत. बाहेरून बॅट घेतलेल्याने त्यांचे पैसे मोजावेत आणि दुकानातून घेणाऱ्याला ते माफ असावेत. वस्तूचा भाव मग ऑनलाइनच्या जवळ नेता येईल.

प्रशिक्षकांचा विषय टाळून हा लेख पुरा होणार नाही. अकॅडमीत नाव घातले की 'किट अमुक दुकानातून घ्या' असे सांगितले जाते. पुष्कळदा तो सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो, कारण वाईट किटचा त्रास सरावात प्रशिक्षकालाच होतो. पण त्या शिफारशीमागे दुकानाकडून मिळणारे कमिशन असेल तर ते शेवटी पालकाच्याच बिलात चढते, आणि त्याचा सुगावा त्याला लागत नाही. विशिष्ट दुकानातून गणवेश-वह्या घेण्याची सक्ती शाळांनी करू नये, असे आदेश शिक्षण खात्याकडून अनेकदा निघाले आहेत. खेळाच्या अकॅडम्या त्या आदेशांच्या बाहेर राहतात. क्रीडा संघटनांनी आपल्याशी संलग्न अकॅडम्यांसाठी एवढा एक नियम करावा: वस्तूचे वर्णन सांगा, माप सांगा, दुकान सांगणार असाल तर त्यात तुमचा आर्थिक संबंध आहे की नाही तेही लिहून द्या.

क्लबांना आणि शाळांना आणखी एक मार्ग मोकळा आहे आणि तो महाराष्ट्राला नवा नाही. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट करून, मागणी एकत्र नोंदवून, घाऊक भावाने धान्य-किराणा घरोघर पोहोचवला. उन्हाळी शिबिराच्या आधी एका गावातल्या चार शाळांनी ऐंशी मुलांच्या बॅट-पॅडची मागणी एकत्र केली आणि ती गावातल्याच दुकानदाराला दिली, तर त्याचा माल अडकत नाही, पैसे आगाऊ मिळतात आणि वर हिशेबात धरलेले व्याज आणि पडून राहिलेला माल हे दोन खर्च मोठ्या प्रमाणात गळून पडतात. तो आनंदाने कमी भाव देईल. सर्व मुलांना तो एकच भाव मिळेल, ही त्यातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी बाब.

वैध मापनशास्त्र विभागाला, कायदा न बदलताही, प्रत्यक्ष विक्रीचा भाव दर्शनी लावणाऱ्या दुकानांना प्रोत्साहन देता येईल. कायदा बदलायचा झाला तर जाहिरातीतली आणि फलकावरची सूट ही त्या दुकानात आधीच्या महिन्यांत खरोखर आकारलेल्या भावावरच मोजावी, एवढी एक ओळ पुरेल. तोवर पालकांनी स्वतःपुरते एक करावे. सूट किती, हे विचारूच नये. दोन दुकानांत जाऊन 'पक्क्या बिलासह शेवटचा भाव किती आणि कर त्यात किती टक्के लावलाय' एवढेच विचारावे, बिलावर ५ टक्के जीएसटी दिसतो का ते पाहावे, आणि छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावावा.